थंडीतला टोमॅटो: बी नको, रोप लावा

डिसेंबर लागला की घरच्या बागेतल्या टोमॅटोबद्दल एकच निकाल ऐकू येतो: हे उबदार हवेचे झाड, थंडीत काही व्हायचे नाही, आता फेब्रुवारीतच बघू. या निकालात अर्धे सत्य आहे आणि म्हणूनच तो इतका टिकून आहे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पट्ट्यातला. दव गोठले की त्याची पाने काळी पडतात, झाड मरते. पण पुण्या-नाशिकची थंडी गोठवणारी नसते. रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरला तरी दुपारी अंगाला ऊन लागते. रब्बी हंगामात राज्यातला शेतकरी टोमॅटो लावतोच; मग गॅलरीतल्या कुंडीलाच थंडीचे वावडे कशासाठी असावे? खरी गोष्ट अशी की थंडी झाडाच्या सगळ्या अवस्थांना सारखी बाधत नाही. बियाण्याला ती फार बाधते, वाढीला लागलेल्या झाडाला कमी, आणि फुलोऱ्याला तर रात्रीचा गारवा हवाच असतो. तेव्हा थंडीत टोमॅटो लावू नये, हे चूक. थंडीत बी पेरत बसू नये, तयार रोप किंवा फुटवा लावावा, हे बरोबर.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. माती 25 अंश सेल्सिअस असेल तर टोमॅटोचे बी साधारण 6 दिवसांत उगवते. 15 अंशांना त्यालाच दोन आठवडे लागतात आणि 10 अंशांना सहा आठवडे. इतके दिवस गार, ओल्या मातीत पडलेले बी बुरशीच्या तावडीत सापडते. उगवले तरी कोवळी रोपे मातीलगत करपतात आणि कोलमडतात. हाच तो रोपवाटिकेतला मर रोग. थंडीत टोमॅटो येत नाही हा अनुभव बहुधा इथेच जन्माला येतो, आणि एका अवस्थेचे अपयश सगळ्या झाडाच्या माथी मारले जाते. फुलोऱ्याचे गणित वेगळे आहे. फळधारणेला रात्रीचे 15 ते 20 अंश मानवतात. दिवस 35 अंशांपलीकडे तापू लागला आणि रात्रही गार होईनाशी झाली की पराग निकामी होतात, फुले देठापासून गळतात. आता फेब्रुवारीची वाट पाहणाऱ्याचा हिशेब मांडा. त्या महिन्यात पेरलेले बी मार्चच्या मध्यावर लावण्याजोगे रोप होते आणि ऐन एप्रिलमध्ये फुलावर येते. विदर्भ-मराठवाड्यात तेव्हा काय होते, हे फूलगळ पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात लावलेले रोप जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे योग्य वेळी फुलते. गारव्यालाही खालची मर्यादा आहे, हे मान्य. रात्री सलग 12-13 अंशांखाली जाऊ लागल्या की फळधारणा घटते, फळे वेडीवाकडी होतात. निफाड किंवा ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी त्यामुळे वाण पाहून घ्यावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा शीतल’ रात्रीच्या 8 अंशांपर्यंत फळ धरतो, तो याच गरजेपोटी निघाला.

रोपवाटिकेतले रोप सगळ्यांना पटते. फुटव्याबद्दल मात्र शंकाच फार. पान आणि खोड यांच्या बेचक्यातून जी कोवळी बगलफूट निघते, ती उंच वाढणाऱ्या वाणांत एरवी खुडून टाकतात. तीच 12 ते 15 सेंटिमीटरची झाली की सकाळी काढावी, खालची पाने आणि असली तर कळीही खुडावी, आणि ओलसर कोकोपीटमध्ये किंवा पाण्याच्या पेल्यात सावलीत ठेवावी. टोमॅटोच्या खोडाला बुंध्याकडे बारीक पुटकुळ्यांसारखे उंचवटे दिसतात. ते रोगाचे लक्षण नसते, ती मुळांची सुरुवात असते. म्हणूनच मुळे फुटण्यासाठी विकतची पूड लावण्याची इथे गरज नाही. उबदार जागी आठ-दहा दिवसांत मुळे सुटतात, गारठ्यात आणखी थोडे दिवस लागतात. फुटव्याला सोटमूळ नसते, म्हणून त्याचे झाड कच्चे राहते, असा आक्षेप घेतला जातो. पण ट्रेमधून उपटून लावलेल्या रोपाचेही सोटमूळ बहुधा दुखावलेलेच असते आणि पुढचा भार आडव्या तंतुमुळांवरच असतो. कुंडीत तर तीच कामाला येतात. फुटवा किंवा रोप लावताना खोडाचा खालचा भाग खोल पुरला की तिथूनही मुळे येतात, झाड घट्ट धरते. शिवाय फुटवा वयात आलेल्या झाडाचा भाग असल्याने बियाण्याच्या रोपापेक्षा लवकर फुलतो, आणि संकरित वाणाचे गुण जसेच्या तसे ठेवतो. बाजारच्या संकरित टोमॅटोचे बी पेरले तर पुढच्या पिढीत ते गुण विखुरतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे. फुटव्याबरोबर मूळ झाडाचा विषाणूही येतो. बियाण्यातून न येणारे काही विषाणूरोग फांदीतून हमखास येतात, आणि पाण्याने धुऊन किंवा औषध फवारून ते जात नाहीत, कारण विषाणू पेशींच्या आत असतो. पांढरी माशी पसरवते तो पर्णगुच्छ, म्हणजे बोकड्या, यातला सर्वांत घातक: पाने वर वळतात, आखडतात, पिवळसर होतात, झाड खुजे राहते. अशा झाडाचा एकही फुटवा घेऊ नये, मग त्याला फळे कितीही लागलेली असोत. शेंडा आखडलेला नाही, पानांवर पिवळे-हिरवे डाग नाहीत, असेच झाड निवडावे. तंबाखू मळलेल्या किंवा विडी धरलेल्या हाताने फुटवा मोडू नये; मोझॅक रोगाचा विषाणू तंबाखूतूनही येऊ शकतो आणि हातावाटे पसरतो.

लावणीनंतरची गडबड बहुतेक वेळा काळजीपोटीच होते. थंडीत पानांची खालची बाजू आणि शिरा जांभळट दिसल्या की खत कमी पडले, असे समजून डीएपी टाकले जाते. प्रत्यक्षात मातीत स्फुरद असते. गार मुळांना ते उचलता येत नाही. माती उबेला आली की नवी पाने आपसूक हिरवी येतात, तोवर टाकलेले खत कुंडीत क्षार वाढवत राहते. पाण्याचेही तसेच. गारठ्यात झाड पाणी कमी पिते, म्हणून वरची दोन पेरे माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नये, आणि दिले तर सकाळी. रात्री पानांना चिकटेल असे प्लॅस्टिक टाकले तर आत दव साचते आणि करप्याला आमंत्रण मिळते. त्यापेक्षा दिवसभर तापलेल्या भिंतीशी कुंडी सरकवणे बरे. जागा निवडताना उन्हाळ्याची आठवण कामाची नाही. मे महिन्यात पुण्यात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो आणि वरच्या स्लॅबमुळे गॅलरीत सावली पडते. डिसेंबरात तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 48 अंशांवरच असतो, त्यामुळे दक्षिणेची तीच गॅलरी आतपर्यंत उजळते. टोमॅटोला लागणारे सहा तासांचे ऊन तिथे हिवाळ्यातच मिळते.

फुले आली, पण मधमाश्या नाहीत, म्हणून फळे धरणार नाहीत, ही भीतीही सोडून द्यावी. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. पराग मोकळे होण्यापुरता हलका धक्का लागतो. बंदिस्त गॅलरीत वारा नसेल तर दव सुकल्यावर, साधारण अकराच्या सुमारास, फुलांच्या घोसामागे बोटाने टिचकी मारावी. फळ धरल्यावर ते थंडीत सावकाश पिकते. लाल रंग 20 ते 25 अंशांना चांगला चढतो, 10 अंशांखाली जवळपास थांबतो. म्हणून कडाक्याच्या आठवड्यात फळाला टोकाशी गुलाबी छटा दिसताच ते काढून घरात, स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर ठेवावे. तिथे ते व्यवस्थित पिकते. त्याला ऊन लागत नाही, ऊब लागते. फ्रिजमध्ये मात्र कच्चे फळ ठेवू नये. तिथल्या थंडीत पिकणे अडते, आणि नंतर बाहेर काढले तरी चव पुरती येत नाही.