बाजाराचा वार

विसाव्यासाठी माणसाला मोकळा वेळ हवा, हे इतकं उघड वाटतं की त्यावर कुणी शंका घेत नाही. पण १९३० च्या आगेमागे व्हिएन्नाजवळच्या मारिएन्टाल नावाच्या छोट्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल या संशोधकांनी तिथं जाऊन माणसांचं बारकाईनं निरीक्षण केलं आणि १९३३ साली त्यावर पुस्तक काढलं. त्यांना दिसलं ते असं: गिरणी चालू असताना दमून आलेले कामगार वाचनालयातून जितकी पुस्तकं नेत, त्याच्या कितीतरी कमी पुस्तकं आता दिवसभर मोकळे असलेले लोक नेत होते. पुरुष रस्त्यानं सावकाश, मधेमधे थांबत चालत. बायकांना स्वयंपाक, धुणं, मुलं यांचा रगाडा होताच, त्यामुळं त्यांची चाल भरभर होती. दिवसभर काय केलं, हे पुरुषांना धड सांगताही येत नव्हतं. वेळ होता, पण तो कशाला बांधलेला नव्हता. हाताला काम आणि खिशात पैसा नसल्याचं ओझं त्यांच्यावर होतंच. तरी मोकळा वेळ आपोआप मन हलकं करतो, ही समजूत त्या गावानं खोटी पाडली.

मग आठवडा हलका होतो कशानं? माझं म्हणणं असं, की त्याला ठरलेला एक वार लागतो. तो वार माझ्या एकट्याचा असून भागत नाही, आजूबाजूच्या पुष्कळांचा असावा लागतो. त्या दिवशी थोडं काम असावं, थोडा खर्च असावा, आणि दोन दिवस आधीपासून त्याची वाट बघता यावी. उमरखेड तालुक्यात आणि एकूणच वऱ्हाड-मराठवाड्यात असा वार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तो म्हणजे आठवडी बाजार. त्याच्याकडं आपण भाजी आणण्याची सोय म्हणून पाहतो आणि त्याचं खरं काम विसरतो.

उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. पैनगंगा ओलांडली की नांदेड-हिंगोलीकडचा मुलूख लागतो. १९५६ पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती: अलीकडं मध्य प्रदेशातला वऱ्हाड, पलीकडं हैदराबाद राज्यातला मराठवाडा. कापूस, सोयाबीन, हळद, केळी, ऊस ही पिकं, पोफाळीचा साखर कारखाना, सहस्रकुंडाचा धबधबा, पैनगंगा अभयारण्य, बंजारा तांडे, आंध समाजाची गावं. एवढी ओळख पुरे, कारण खरा विषय बाजार आहे.

आठवडी बाजार चालतो कसा, हे समजून घेतलं की त्याचा विसाव्याशी असलेला संबंध आपोआप उलगडतो. एका खेड्याची गरज एवढी नसते की कापडवाला, मसालेवाला, कासार तिथं रोज दुकान थाटून जगेल. म्हणून दुकानच फिरतं. आज या गावी, उद्या शेजारच्या, परवा त्याच्या पलीकडं. शेजारशेजारच्या गावांचे वार एकमेकांवर येणार नाहीत अशी वाटणी कधीकाळी पडली आणि ती टिकली. शेतमजुरांची मजुरीही याच वाराला बांधली गेली. निंदणाचे, खुरपणीचे, कापूस वेचणीचे पैसे आठवडाभर वहीत चढतात आणि चुकारा बाजाराच्या दिवशी होतो. त्या दिवशी गावात मजूर मिळत नाही, ही शेतकऱ्याची नेहमीची तक्रार. मला ती या बाजाराची सगळ्यांत मोठी कमाई वाटते. ज्या माणसाच्या कामाला ना रविवार, ना रजेचा अर्ज, ना पगारी सुटी, त्यानं एका वाराच्या जोरावर स्वतःची साप्ताहिक सुटी मिळवली आणि मालकाकडून ती मान्य करून घेतली. अनेक गावांत सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत. महादेवाचा वार म्हणून नंदीला विसावा. बैलाची सुटी देवाच्या नावानं आली आणि मजुराची बाजाराच्या.

आता बाजाराचा दिवस जरा जवळून पाहू. सकाळी ताडपत्र्या आणि गोणपाटं अंथरली जातात, बांबूंना दोऱ्या ताणून पालं उभी राहतात. दुपारपर्यंत गर्दी बेताची असते. खरा बाजार भरतो तीन-चारनंतर, चुकारा हातात पडल्यावर. वांगी, चवळीच्या शेंगा, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, लाल मिरचीचे ढीग, हळकुंडं, सुकट-बोंबील. एका बाजूला फेटिया-कांचळीतल्या एखाद-दोन वृद्ध बंजारा बाया, दुसऱ्या बाजूला मोबाइलचे कव्हर विकणारा पोरगा. तराजूशेजारी आता क्यूआर कोडचा पुठ्ठा उभा असतो. कढईतून आलूबोंडे आणि भजी निघत असतात. दिवस कलायला लागला की भाजीवाली किलोचा भाव सोडून वाटे लावते, आणि ज्यांची वेळ सगळ्यांत उशिरा येते त्या घरांना सगळ्यांत स्वस्त भाजी मिळते. भाव पाडून झाल्यावरही गिऱ्हाईक चार मिरच्या वरून मागतं आणि विकणारी कुरकुरत टाकते. त्या चार मिरच्यांनी कुणाचं नुकसान होत नाही. दोघींचं मिनिटभर बोलणं होतं, आणि तेवढ्यासाठीच तो रिवाज टिकला असावा.

कासाराच्या पालाकडं विशेष लक्ष द्यावं. बांगड्या भरायला बसलेली बाई तिथं दहा मिनिटं हलू शकत नाही. कासार तिचा हात हातात घेतो, बोटं जुळवून तळवा दाबतो, अंगठ्याखालचा उंचवटा मऊ करत एकेक बांगडी मनगटावर चढवतो. तोवर तिला कापूस वेचता येत नाही, भाकरी थापता येत नाही, पोराला उचलता येत नाही. रंग कुठला, नक्षीदार की साधी, गेल्या वेळच्या किती फुटल्या, यावर शेजारी बसलेल्या बायांचं मत घेतलं जातं. अनेक कष्टकरी बायकांच्या आठवड्यात दुसऱ्यानं आपल्यासाठी काही करावं आणि आपण नुसतं बसावं, असा एवढाच वेळ असेल. बायकांसाठी बाजाराचा आणखी एक अर्थ आहे. दिलेल्या लेकी बहुतेक दहा-पंधरा किलोमीटरांतल्या गावांत असतात, आणि दोन्ही गावांचा बाजार एकच असतो. त्यामुळं सणावाराची वाट न पाहता माय आणि लेक भाजीच्या रांगेत भेटतात. निरोप पोचतो, सोयरिकीची कुणकुण लागते, आजाऱ्याची विचारपूस होते.

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. विल्यम स्किनर या मानववंशशास्त्रज्ञानं १९४९-५० मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतातले असे नेमानं भरणारे बाजार अभ्यासले आणि १९६४-६५ मध्ये आपला निष्कर्ष मांडला: शेतकऱ्याचं सामाजिक जग त्याच्या गावापुरतं नसतं, बाजाराला येणाऱ्या डझन-दीड डझन गावांइतकं असतं, सोयरिकीही त्याच परिघात जुळतात. आपल्याकडं चित्र फार वेगळं नाही. मात्र एक फरक मान्य करायला हवा. बाजारात कुणी कुठं बसायचं यावर जातीची सावली आपल्याकडं दीर्घकाळ होती, आणि ती सगळीकडून पूर्ण गेली असं म्हणणं खोटं ठरेल. तरीही गावाच्या विहिरीवर आणि पारावर जे अंतर पाळलं जाई, ते गर्दीच्या बाजारात पाळणं अवघड होतं, हेही तितकंच खरं.

वार सगळ्यांचा एक असावा, या मुद्द्यावर मी इतका जोर का देतो? कारण उलटा प्रयोग एका मोठ्या देशानं करून पाहिला आहे. १९२९ साली सोव्हिएत रशियात कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले गेले. चार दिवस काम, पाचवा दिवस सुटी, पण प्रत्येक गटाची सुटी वेगळ्या दिवशी. हिशेबानं सुटी वाढली होती, कारण सातांत एकाऐवजी पाचांत एक दिवस मिळत होता. तरी लोक वैतागले. आपल्या सुटीच्या दिवशी बायको कारखान्यात आणि मुलं शाळेत असतील तर घरी बसून करायचं काय? १९३१ मध्ये ती पद्धत बहुतांशी मोडीत निघाली आणि १९४० मध्ये रविवार परत आला. अमेरिकेत पाच लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांवर आधारलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात क्रिस्टोबाल यंग आणि चेयून लिम यांना आढळलं, की शनिवार-रविवारी नोकरदारांचं मन जसं उजळतं तसंच बेकारांचंही उजळतं. त्यांना तर सोमवारीही सुटीच असते. फरक एवढाच, की शनिवारी-रविवारी बाकीचेही मोकळे असतात.

मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी जे मागितलं, त्याचं मोल इथं कळतं. १८८४ साली त्यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी केली. दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी आणि वेळेवर पगार यांच्या जोडीनं त्यांची मागणी होती सर्वांना मिळून रविवारची सुटी. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. ज्याला हवी त्याला, हवी तेव्हा रजा, असा सौदा मालकांना कदाचित स्वस्त पडला असता. पण त्यातून चाळीतलं भजन, तालीम, सत्यशोधकांच्या सभा यांना दिवस मिळाला नसता. फुल्यांच्या तालमीत तयार झालेल्या या कार्यकर्त्यानं सुटीपेक्षा वार मागितला, आणि आपण आजही त्या वारावर जगतो.

आता आक्षेपांकडं वळू. पहिला आक्षेप सुखवस्तू घरांचा: वर्षातून एकदा आठ-दहा दिवस बाहेर पडावं, त्यानं वर्षभराची मरगळ जाते. २०१० साली नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक जाण्याआधी इतरांपेक्षा आनंदी होते. परत आल्यावर बहुतेकांत काही फरक उरला नाही. सुख मोठ्या अंशी वाट पाहण्यात होतं. तसं असेल तर वर्षातून एकदा वाट पाहण्यापेक्षा वर्षातून बावन्न वेळा वाट पाहणं केव्हाही फायद्याचं. बाजाराच्या दिवशी आईच्या पिशवीतून रेवड्या निघतात की फुटाणे, याची वाट पाहणाऱ्या पोरांना हे कुणी समजावून द्यावं लागत नाही.

दुसरा आक्षेप: बाजार हे तर काम, त्यात विसावा कसला? पण निव्वळ रिकामेपण मारिएन्टालनं पाहिलंच. हलकं, पाय मोकळे करणारं, बोलायला निमित्त देणारं काम विसाव्याच्या आड येत नाही, उलट त्याला आधार देतं. लागत काही नसताना रिकामी पिशवी घेऊन बाजाराला जाणारी म्हातारी माणसं प्रत्येक गावात आहेत. पिशवी हे त्यांचं निमित्त असतं.

तिसरा आक्षेप दारूचा, आणि तो खरा आहे. चुकाऱ्याचा दिवस तोच पिण्याचा दिवस होतो, आणि कित्येक घरांत बाजाराची रात्र भांडणाची असते. त्याला मी बाजाराची शोभा म्हणणार नाही. पण संध्याकाळी गुत्त्याखेरीज पुरुषाला बसायला दुसरी जागाच नसेल, तर तो तिथंच जाणार. बाजाराच्या संध्याकाळी वाचनालय उशिरापर्यंत उघडं ठेवणं, कुस्तीची एखादी दंगल किंवा भजनाची बारी तिथंच ठेवणं, मजुरी बाईच्या स्वतःच्या हातात देणं, हे सगळं करण्यासारखं आहे.

सगळ्यांत जड आक्षेप जिल्ह्याच्या नावानंच येतो. २००६ साली पंतप्रधानांच्या मदत योजनेत आलेल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत यवतमाळ होता. कर्ज, बोंडअळी, पडलेला भाव यांनी पिचलेल्या माणसासमोर मन उजळण्याच्या गोष्टी कोणत्या तोंडानं करायच्या? बाजारानं कर्ज फिटत नाही, हे स्पष्टच म्हणतो. मात्र संकटातला माणूस आधी चारचौघांत येणं सोडतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. दर आठवड्याला ज्याचं तोंड दिसायचं तो दोन बाजार दिसला नाही तर कुणीतरी विचारतं. कर्जमाफीच्या जागी हे विचारणं ठेवता येत नाही, पण कर्जमाफी झाली तरी ते लागणारच आहे.

ज्यांच्या गावी बाजार राहिला नाही, जे उमरखेडहून नांदेड, पुणे गाठून तिथल्या सदनिकांत राहतात, त्यांनीही या रचनेतून उचलण्यासारखं पुष्कळ आहे. भाजी घरपोच मागवणं सोयीचं आहे. मात्र आठवड्यातली एक संध्याकाळ तरी ती स्वतः जाऊन, एकाच ठरलेल्या बाईकडून, एकाच शेजाऱ्याला सोबत घेऊन आणावी. बुधवारी ग्रंथालयात पुस्तक बदलायला जायचं असेल तर दर बुधवारीच जावं, म्हणजे तिथं बुधवारी येणारे दुसरे भेटतात. एका घरी भजी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या घरी. पत्त्यांचा डाव असो की नदीकाठचं चालणं असो. वेळ मिळेल तेव्हा, असं ठरवलं की ते होत नाही. वार ठरला की इतर कामं त्याच्या आजूबाजूनं आपोआप सरकतात.

आणि ज्यांच्या गावी बाजार अजून भरतो, तिथल्या ग्रामपंचायतींनी आणि नगरपालिकांनी एक हिशेब मांडावा. ताडपत्री टाकून बसणाऱ्या प्रत्येकाची पावती फाडली जाते, बाजाराचा ठेका लिलावानं दिला जातो, म्हणजे या एका वारातून उत्पन्न येतं. त्यातलं बाजाराच्या जागेवर किती परत जातं? खेड्यातून आलेली बाई स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. ती आलूबोंडा खाईल, बांगड्या भरेल, पण मोकळेपणानं बसणार नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात सावली नाही, अंधार पडला की दिवा नाही. निदान स्वच्छतागृह, पाण्याचा नळ आणि चार उंच दिवे एवढं तरी पुढच्या अंदाजपत्रकात घ्यावं. दिवे आधी, कारण ज्या मजुराच्या हातात मजुरी उशिरा पडते तो बाजारात पोचतो तेव्हा बहुतेक पालं उठायला लागलेली असतात.