लपलेल्या फोल्डरातलं घर

लपवून ठेवणं आपल्याला काही नवीन नाही. तांदळाच्या डब्यात तळाशी पाचशेची नोट असते, मसाल्याच्या बरण्यांमागे कपाटाची किल्ली असते, माळ्यावरच्या ट्रंकेत आईच्या हातची कागदपत्रं असतात. यातलं काही आपण चोरून ठेवलेलं नसतं. येता-जाता कुणाचा हात लागू नये, एवढाच हेतू. पण तोच ‘लपलेलं’ हा शब्द मुलांच्या तोंडून आणि तोही कॉम्प्युटरच्या बाबतीत आला, की आपल्या पोटात गोळा येतो. काय लपवलंय? कुणापासून? आणि का?

आमच्याकडे हा शब्द आला तो नारळाच्या झाडामुळे!

आमचं घर मालवणजवळ. चार खोल्या पर्यटकांना देतो, जेवणखाण मी बघते. ओटीवरच्या कॉम्प्युटरवर खोल्यांचं बुकिंग, किराणाचा हिशेब, बँकेचे व्यवहार आणि उरलेल्या वेळात माझ्या मुलीचं ‘माइनक्राफ्ट’. चौकोनी ठोकळे एकावर एक रचून घरं, विहिरी, गावं बांधायची, असा हा खेळ. स्वीडनमधल्या एका तरुणाने तो २००९ मध्ये पहिल्यांदा लोकांपुढे आणला, २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आला आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनीच अडीच अब्ज डॉलर मोजून विकत घेतली. २०२३ पर्यंत त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या होत्या. म्हणजे तुमच्या आळीतही कुणीतरी ठोकळे रचत बसलेलं असणारच.

माझी मुलगी त्यात बांधत होती ते तिच्या आजोबांचं घर. खरं घर १६ मे २०२१ ला ‘तौक्ते’ वादळात गेलं. तो दिवस किनाऱ्यावरची कुठलीही बाई विसरायची नाही. छप्पर उडालं, मातीची भिंत खचली, खळ्याच्या कडेचे पाच माड आडवे झाले. वीज कितीतरी दिवस नव्हती. पुढे आम्ही दुसरीकडे स्लॅबचं घर बांधलं. पण सासऱ्यांचा जीव त्या जुन्या घरातच अडकलेला. मग आजोबा खुर्चीत आणि नात कॉम्प्युटरपुढे, असं त्यांचं बांधकाम सुरू झालं. पडवी इतक्या हातांची, देवघराचं दार या बाजूला, विहिरीवर रहाट, पुढे तुळशीवृंदावन. हे बसून सांगायचे, ती ठोकळे लावायची. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात सासरे गेले. घर बहुतेक उभं राहिलं होतं, पण त्यांची एक तक्रार शेवटपर्यंत होती, “माझे पाच माड खय गेले?”

गंमत बघा. त्या खेळात ओक आहे, बर्च आहे, साकुरा आहे. खाडीकाठचं कांदळवनसुद्धा २०२२ मध्ये आलं. पण मूळ खेळात माड नाही! मुलगी म्हणाली, “आये, मॉड घालूक होयो. तेच्यासाठी लपलेलो फोल्डर उघडूचो लागतलो.”

मी हातातलं काम ठेवलं आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, दाखव बघू कसा उघडतात तो.

आधी ‘मॉड’ म्हणजे काय ते सांगते. दुसऱ्याने तयार केलेल्या खेळात आपल्याला हवा तो बदल करणारी जोडफाइल म्हणजे मॉड. शब्द नवा आहे, खोड जुनी आहे. आपल्या सावंतवाडीचा गंजिफा आठवा. हा पत्त्यांचा खेळ इराणकडून मोगलांबरोबर इकडे आला. मोगली गंजिफ्यात आठ रंग आणि ९६ पानं. आपल्या लोकांनी त्यात विष्णूचे दहा अवतार बसवले, दहा रंग आणि १२० पानं केली. मत्स्य, कूर्म, वराह... खेळायची रीत राहिली, चित्रं आपली झाली. हा मॉडच नव्हे का? विसाव्या शतकात ही कला संपत आली होती, तेव्हा शिवरामराजे आणि राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ती पुन्हा उभी केली.

कॉम्प्युटरवरचं उदाहरण तर तुमच्या भावाला, दिराला विचारा. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ईए स्पोर्ट्स’चा ‘क्रिकेट ०७’ हा खेळ आला. परवाना नसल्यामुळे त्यात आपल्या खेळाडूंची नावं तोडूनमोडून दिलेली. पुढे २००८ मध्ये आयपीएल सुरू झाली, पण कंपनीने त्यानंतर नवा क्रिकेटचा खेळ काढलाच नाही. मग क्रिकेटवेड्या मुलांनी स्वतःच बदल केले. खरी नावं घातली, आयपीएलचे संघ आणि त्यांचे गणवेश घातले. एवढा जुना खेळ त्यानंतरही वर्षानुवर्षं खेळला गेला तो या बदलांमुळे. फायली कुठे टाकायच्या एवढं कळलेल्या मुलांना बाकी कुणाची परवानगी लागली नाही.

आता तो ‘लपलेला’ फोल्डर. विंडोजमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याच्या नावाने एक खोली असते. त्या खोलीत ‘अ‍ॅपडेटा’ नावाचं माजघर असतं. प्रोग्रॅमना लागणारं किडुकमिडुक तिथे साठतं. खेळातली प्रगती, निरनिराळ्या सेटिंग, इंटरनेट बघायच्या प्रोग्रॅमने लक्षात ठेवलेले पासवर्डसुद्धा. माणसाने रोज तिथे जायचं कारण नाही आणि चुकून काही पुसलं गेलं तर पंचाईत, म्हणून ते नजरेआड ठेवलेलं असतं. कुलूप मात्र नसतं. आपला सिंधुदुर्ग किल्ला आठवा ना! होडी अगदी जवळ आली तरी महादरवाजा दिसत नाही, तटबंदी अशी वळवून घेतली आहे. दार आहेच, कुठून वळायचं ते माहीत हवं.

वळायचं कुठून? पिवळ्या फोल्डरचं चित्र असलेला ‘फाइल एक्स्प्लोरर’ उघडा. विंडोज ११ असेल तर वर ‘व्ह्यू’, त्यात ‘शो’, त्यात ‘हिडन आयटम्स’. विंडोज १० असेल तर ‘व्ह्यू’वर गेल्यावर समोरच ‘हिडन आयटम्स’चा चौकोन दिसतो, त्यात टिक करा. मग सी ड्राइव्ह, त्यात ‘यूजर्स’, त्यात आपलं नाव. तिथे फिकट रंगात ‘अ‍ॅपडेटा’ दिसू लागेल. त्याच्या आत ‘रोमिंग’ आणि ‘रोमिंग’मध्ये माइनक्राफ्टचा फोल्डर, नावाच्या आधी एक टिंब असलेला. जवळची वाटही आहे. विंडोजचं बटण दाबून धरून ‘आर’ दाबायचं आणि येणाऱ्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, असं लिहायचं. थेट ‘रोमिंग’मध्ये!

त्या टिंबवाल्या फोल्डरात ‘मॉड्स’ नावाचा कप्पा असतो. नसेल तर मॉड चालवणारा ‘फोर्ज’ किंवा ‘फॅब्रिक’ हा जोडप्रोग्रॅम आधी घालावा लागतो. माडाची फाइल त्या कप्प्यात ठेवायची. खेळाची आवृत्ती आणि मॉडची आवृत्ती जुळली पाहिजे, नाहीतर खेळ उघडतच नाही. आमच्या मुलीने ते पानावर लिहून ताडून बघितलं. सगळेच खेळ मात्र असे माजघरात बसत नाहीत. मुलींमध्ये आवडता असलेला ‘द सिम्स ४’ आपले मॉड ‘डॉक्युमेंट्स’मध्ये उघड्यावर ठेवतो.

मी मात्र माइनक्राफ्टच्या फोल्डरातला दुसराच कप्पा बघत होते. ‘सेव्ह्ज’. मुलगी म्हणाली, “हेच्यात आजोबांचा घर आसा.” दोन वर्षांचं बांधकाम, पडवी, रहाट, वृंदावन, सगळं त्या एका कप्प्यात. आम्ही तेव्हाच तो पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. मॉड घालण्याआधी कॉपी काढायची, हा नियम तिने आधीच कुठेतरी वाचला होता.

त्या नियमाचं मोल महिन्याभरात कळलं. कॉम्प्युटर अडायला लागला. दुरुस्तीच्या दुकानात नेला तर तिथला माणूस म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. पण काळजी नको, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो सगळं काढून ठेवतो. मुलगी पटकन म्हणाली, “काका, अ‍ॅपडेटा घेतलात?” तो हसला. म्हणाला, “अगे, गेम परत टाकून गावतलो.” बरोबर आहे, गेम परत मिळतो. पण कॉम्प्युटरवरच्या माइनक्राफ्टमध्ये आपण बांधलेलं जग आपल्याच कॉम्प्युटरवर राहतं, कंपनीकडे त्याची प्रत नसते. फोल्डर पुसला की घर गेलं. तौक्तेने एकदा नेलं, ते दुसऱ्यांदा एका बटणाने गेलं असतं. आमच्या पर्समध्ये पेनड्राइव्ह होता, म्हणून मी शांत उभी राहू शकले. माझं काही कौशल्य नव्हे हो, पोरीचंच!

आता दुसरी बाजू, कारण आपल्याला चूल आणि आग दोन्ही ठाऊक असतात. मॉड म्हणजे नुसतं चित्र नव्हे, तो चालणारा प्रोग्रॅम असतो. जून २०२३ मध्ये जगभरात मोठी गडबड झाली. मॉड मिळण्याच्या ‘कर्सफोर्ज’ आणि ‘बुकिट’ या नावाजलेल्या ठिकाणी काही खाती चोरांच्या ताब्यात गेली आणि चांगल्या मॉडमध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा व्हायरस मिसळला गेला. तो इंटरनेट प्रोग्रॅममध्ये साठवलेली लॉगिनची माहिती चोरायचा. आणि लपायचा कुठे? त्याच ‘अ‍ॅपडेटा’मध्ये! ‘मायक्रोसॉफ्ट एज’ अशा सभ्य नावाचा फोल्डर करून. खरा एज हा ‘मायक्रोसॉफ्ट’ नावाच्या फोल्डराच्या आत असतो. चोराने दोन्ही शब्द जोडून बाहेरच एक नवा फोल्डर केला होता. तो शोधायचा तर लपलेल्या गोष्टी दाखवणारा तोच चौकोन टिक करावा लागत होता. ज्यांना हे दार माहीत होतं, त्यांनाच चोर आत आहे की नाही ते बघता आलं.

विचार करा, त्याच कॉम्प्युटरवर आपण बँकेचे व्यवहार करतो. म्हणून आमच्याकडे आता काही नियम आहेत. ते तुमच्याही कामाला येतील.

पहिला, मुलांचं खातं वेगळं. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘अकाउंट्स’मध्ये जाऊन मुलीच्या नावाने दुसरं खातं उघडलं, तेही साधं, सगळे अधिकार नसलेलं. तिचं माजघर वेगळं, माझं वेगळं. माझे पासवर्ड तिच्या खोलीत नाहीत.

दुसरा, मॉड घालण्याआधी आणि एरवीही महिन्याला एकदा ‘सेव्ह्ज’ची कॉपी. आपण लोणच्याची बरणी एकाच कपाटात ठेवतो का? तसंच हे.

तिसरा, ‘अँटीव्हायरस बंद करून मग ही फाइल चालवा’ असं कुणी सांगितलं, की तिथेच थांबायचं. कुत्र्याला बांधून ठेवा मग येतो, असं म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण घरात घेऊ का?

चौथा, फाइलचं शेपूट बघायचं. विंडोज नावाच्या शेवटचा भाग एरवी दाखवत नाही. जिथे ‘हिडन आयटम्स’ आहे, तिथेच ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ आहे, तेही चालू करा. माडाच्या मॉडला शेवटी ‘जार’ असतं. त्याऐवजी ‘ईएक्सई’ दिसलं तर ती फाइल उघडायची नाही. आणि ‘जार’ दिसलं म्हणजे निर्धोक असंही नाही. आणलं कुठून, हे विचारायचंच.

पाचवा, अ‍ॅपडेटातल्या बाकीच्या फोल्डरांना हात लावायचा नाही. नाव कळत नाही म्हणून काही पुसून टाकायचं नाही.

आणि एवढं करूनही खात्यातून पैसे गेलेच, तर रडत बसू नका, घरात कुणी रागावेल म्हणून गप्पही राहू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

मैत्रिणींनो, माझं एवढंच म्हणणं आहे. मुलं खेळतात म्हणून कॉम्प्युटरचं कनेक्शन काढून टाकणं सोपं आहे. त्यातही मुलगी असेल तर ‘तुका काय करूचो तो गेम’ हे वाक्य तयारच असतं. त्यापेक्षा एकदा शेजारी खुर्ची घ्या आणि विचारा, तुझा खेळ कुठे साठतो गं? ज्या मुलीला लपलेला फोल्डर आईसमोर उघडता येतो, ती उद्या काही विचित्र दिसलं तर आईलाच हाक मारील. आणि आपल्यालाही कळेल की, माजघर कुठे आहे, त्यात आपलं काय आहे आणि परकं काय शिरलं आहे.

आजोबांच्या खळ्याच्या कडेला आता पाच माड आहेत. ठोकळ्यांचे, जरा वाकडे. सहावा लावायचा म्हणून ती आवृत्ती ताडून बघते आहे.