झंस्कारची चादर: वाहती नदी वाट कशी होते?

पुण्या-मुंबईच्या गिरिभ्रमण मंडळांत ‘चादर केली का?’ हा प्रश्न आता ‘कळसूबाई केलं का?’ इतक्या सहजपणे विचारला जातो. लडाखमधल्या झंस्कार नदीवर जानेवारी-फेब्रुवारीत जो बर्फ धरतो, त्याला चादर म्हणतात. उणे वीस अंशांची थंडी, निळसर बर्फावरचे छायाचित्र आणि परतल्यावरच्या चार गप्पा एवढ्यावर बहुतेकांचा विषय संपतो. माझा तिथून सुरू झाला. मी भौतिकशास्त्राचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून मिळतील ती पुस्तके वाचून आणि दोन हिवाळे त्या बर्फावरून चालून जे उमगले, ते इथे मांडतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: चादर ही रस्त्यासारखी तयार वस्तू नाही. ती रोज घडते आणि रोज मोडते. ती वाचण्याची विद्या झंस्कारी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कमावली आहे आणि नेमकी तीच आज हातची जाण्याच्या बेतात आहे.

आधी भूगोल पाहू. पदुमजवळ स्तोद आणि त्सारप या दोन प्रवाहांच्या संगमातून झंस्कार नदी होते आणि अतिशय खोल, अरुंद घळीतून वाहत निम्मूजवळ सिंधूला मिळते. कारगिलकडून झंस्कारात येणारी वाट सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी ला या खिंडीतून येते (‘ला’ म्हणजेच खिंड). हिवाळ्यात ती हिमाखाली बुजते. उन्हाळ्यात घळीतून जावे, तर दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि मध्ये फोफावणारे पाणी. म्हणजे लेहला जायची ही वाट फक्त कडाक्याच्या थंडीत उघडायची. सह्याद्रीत ओढा आटला की त्याची नाळ आपली वाट होते. इथे नदी गोठली की वाट होते. याच वाटेने झंस्कारी माणसे लोणी घेऊन लेहच्या बाजारात जात आणि मुले शाळेसाठी चालत.

आता मुख्य प्रश्न. वाहते पाणी गोठते कसे? शाळेत आपण शिकतो की पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून त्याहून थंड पाणी वर राहते आणि बर्फ पृष्ठभागावर धरतो. तळ्यासाठी हे बरोबर आहे. खळाळत्या नदीत मात्र पाणी सतत वरखाली घुसळले जाते, त्यामुळे तळापासून वरपर्यंत सगळेच पाणी शून्य अंशावर येते. निरभ्र रात्री ते शून्याच्याही खाली, अंशाच्या काही शतांशांइतके, उतरते आणि त्यात बर्फाच्या बारीक चकत्या तयार होतात. इंग्रजीत याला फ्रेझिल म्हणतात, मी कणबर्फ म्हणतो. या चकत्या चिकट असतात. काही तळाच्या दगडगोट्यांना धरून बसतात आणि दिवस वर आल्यावर सुटून, कधी वाळूखडे घेऊन, वर येतात. उरलेल्या एकमेकींना चिकटून लगद्यासारख्या वाहत जातात.

दुसरीकडे काठाशी, जिथे प्रवाह मंद असतो, तिथे कडेकडेने बर्फ आत सरकत येतो. नदी अरुंद होते किंवा वळते तिथे वाहता लगदा या काठच्या बर्फाला अडतो, त्याचा पूल बांधला जातो आणि मागून येणारा लगदा त्यावर साचत जातो. म्हणजे चादर एकसंध विणलेली नसते. ती तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीसारखी असते. डोहावर जाड, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे प्रवाहाचा जोर असतो, तिथे पातळ आणि काही ठिकाणी मुळीच नाही. तिथे मग कड्याला धरून खडकावरून जावे लागते.

बर्फ जाड व्हायला वेळ का लागतो, याचे उत्तर उष्णतेत आहे. एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरच गोठवायचे तर त्यातून ८० कॅलरी उष्णता काढावी लागते. तेवढ्याच उष्णतेत ८० अंशांचे गरम पाणी शून्यावर आणता येईल. शिवाय बर्फ स्वतःच पांघरुणासारखा वागतो. वरची थंडी खालच्या पाण्यापर्यंत त्याच्यातूनच जाते, आणि तो जितका जाड तितकी ही वाट लांब. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योझेफ श्टेफान या शास्त्रज्ञाने याचा हिशेब मांडला. त्याचे साधे रूप असे की थंडी तेवढीच राहिली, तर दुप्पट जाडीसाठी चौपट दिवस लागतात.

यातूनच एक उलटे वाटणारे सत्य निघते. पर्यटकाला हिम पडले की आनंद होतो, जाणत्या झंस्कारीला होत नाही. भुरभुरीत हिमात हवा कोंडलेली असते, म्हणून ते उत्तम दुलई असते. ते बर्फावर पसरले की खालचा बर्फ वाढायचा थांबतो. ढगाळ रात्री थंडीही कमी असते. वर हिमाच्या भाराने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर झिरपते आणि पांढऱ्या मऊ थराखाली चिखलासारखा लगदा होतो. पातळ जागा तर झाकून जातातच. निरभ्र, बोचऱ्या रात्रींची मालिका ही चादरीची खरी मैत्रीण.

दुसऱ्या हिवाळ्यात आमचे वाटाडे साठीच्या आसपासचे होते. आम्ही त्यांना लडाखी रीतीने ‘आचो-ले’ म्हणायचो. आचो म्हणजे थोरला भाऊ, ‘ले’ म्हणजे आपला ‘जी’. ते लाकडी काठी आपटत पुढे चालत. आवाज आखूड आणि टणक आला, तर बर्फ जाड आणि पाण्यावर नीट टेकलेला. आवाज ढोलासारखा घुमला, तर खाली पोकळी. हिवाळा पुढे सरकतो तसे नदीचे पाणी कमी होते, पातळी उतरते आणि आधी धरलेला बर्फ अधांतरी राहतो, त्याची ही खूण. काळसर, पारदर्शक बर्फावर ते बिनधास्त जात. दुधट पांढरा दिसला की थबकत, कारण त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि तो पुष्कळ कमकुवत असतो. गमबूट न उचलता, पाय घसटत चालायला त्यांनीच शिकवले. त्यामुळे वजन एका टाचेवर आदळत नाही.

एका सकाळी आम्ही निघायच्या तयारीत असताना त्यांनी काठी बाजूला ठेवली. म्हणाले, “सर, रात्री पाणी वर आलंय. चहा घ्या, आज घाई नाही.” कालच्याच बर्फावर आज वीतभर पाणी वाहत होते. पुढे कुठेतरी लगदा तुंबला होता, त्यामुळे मागची पातळी चढली होती. असे पाणी रात्री वरून गोठते आणि वरच्या पातळ पापुद्र्याखाली पाण्याचा थर राहतो. नवख्याला तो पक्का बर्फच वाटतो, आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. उणे वीस अंशांत ओला पाय ही थट्टा नव्हे. आम्ही दुपारपर्यंत थांबलो, मग अर्धेच अंतर चाललो.

आता रस्ता आला आहे. निम्मू-पदुम-दारचा हा २९८ किलोमीटरचा मार्ग मार्च २०२४ मध्ये सलग जोडला गेला. त्याच वर्षी जुलैत शिंकू ला बोगद्याचे काम सुरू झाले. माझा या रस्त्याला विरोध नाही. अडलेल्या बाळंतिणीला बर्फावरून न्यावे लागू नये, एवढे एकच कारण त्यासाठी पुरेसे आहे. पण ज्याला गरजेपोटी दर हिवाळ्यात चालावे लागत होते, त्याच्याच कानाला काठीचा आवाज कळत होता. गरज संपली की कान बोथट होतील. पर्यटक मात्र येतच राहतील. चालणारे आहेत आणि वाचणारे नाहीत, ही वेळ सर्वांत धोक्याची.

बर्फाच्या प्रत्येक प्रकाराचे स्थानिक नाव, काठीचा आवाज, कोणत्या वळणावर बर्फ केव्हा धरतो आणि केव्हा सुटतो, हे सारे त्या म्हाताऱ्यांकडून, त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच तरुणांनी ध्वनिमुद्रित करून ठेवायला हवे. जाणारे मराठी गट खर्चाचा थोडा वाटा यासाठी उचलू शकतील. तेवढे जमले नाही, तरी कार्यक्रमात दोन दिवस मोकळे ठेवावेत. वाटाड्या थांबला तर कुरकुरण्याऐवजी ‘का थांबलात?’ असे विचारावे आणि उत्तर वहीत लिहून घ्यावे. चादर पुरी झाली नाही तरी चालेल; परत येताना त्या वहीची चार पाने भरलेली असावीत.