प्रथिनाचा गज



बाजारांतल्या कापडविक्याचा हात आपण पाहिलाच असेल. ठाणावरचीं फुलें तो मोजीत बसत नाहीं. कापडाची कड गजाच्या एका टोकाशीं चिमटींत धरतो आणि गज संपेल तेथें कात्री लावतो. आपल्या पेशींतहि असाच एक व्यवहार अहोरात्र चालतो.

मायक्रो-आरएनए म्हणजे सुमारें २२ अक्षरांचा चिमुकला तुकडा. साखळींतील एकेका दुव्याला मी येथें अक्षर म्हणतों. संदेशवाहक आरएनएवर बसून तो प्रथिनाची निर्मिति रोखतो. व्हिक्टर अँब्रोस यांच्या प्रयोगशाळेला १९९३ सालीं असा पहिला तुकडा एक मिलिमीटर लांबीच्या कृमींत सांपडला. त्यांना व गॅरी रव्हकन यांना २०२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हा तुकडा आरंभीं लांबलचक साखळींत दडलेला असतो. साखळी केसांच्या आंकड्याप्रमाणें दुमडते: मध्यें दुपदरी दांडा, वर फांसा, खालीं मोकळे पदर. मग कोठें कापावें हें प्रथिनाला कळतें कसें? अक्षरें वाचून म्हणावें, तर दुपदरी आरएनएची मोठी खांच इतकी खोल व अरुंद असते कीं आंतलीं अक्षरें प्रथिनाच्या हातीं सहसा लागत नाहींत. म्हणून तें मुख्यतः आकार ओळखतें. कांहीं थोड्या अक्षरखुणा साह्याला असतात इतकेंच.

पहिली कात्री ड्रोशा. मोकळे पदर संपून दांडा सुरू होतो त्या सांध्यावर ती बसते आणि तेथून सुमारें ११ जोड्यांवर कापते. डीजीसीआर-८ या प्रथिनाचे दोन रेणू फांशाची बाजू संभाळतात. ते नसतील तर ड्रोशा उलट्या टोकावरहि बसूं शकते. तिचे दोन घाव किंचित् मागेंपुढें पडतात, त्यामुळें एका पदराचीं दोन अक्षरें बाहेर डोकावतात. हीच आपल्या कापडाची कड!

केंद्रकाबाहेर डायसर नांवाची दुसरी कात्री हीच कड आपल्या एका खोबणींत धरते. तिचीं दोन पातीं तेथून ठराविक अंतरावर आहेत. जेनिफर डाउडना यांच्या प्रयोगशाळेनें २००६ सालीं जिआर्डिया या आंतड्यांतील परोपजीवी जंतूच्या डायसरची घडण स्फटिकावरून उलगडली. खोबणीपासून पात्यांपर्यंतचें अंतर सुमारें साडेसहा नॅनोमीटर, म्हणजे २५ जोड्यांची लांबी भरलें. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. प्रथिनाची बांधणीच येथें गज झाली आहे. मनुष्याच्या डायसरचें माप सुमारें २२ अक्षरांचें. ती दुसऱ्या पदराचें टोंकहि धरते.

एका अक्षराची चूक झाली तर काय बिघडतें? मायक्रो-आरएनए आपला संदेश ओळखतो तो मुख्यतः दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या अक्षरांनीं. आरंभ सरकला कीं तीं अक्षरें बदलतात आणि भलत्याच संदेशाचें तोंड बंद होतें.

याहून कठीण प्रसंगहि येतो. लहान मुलांच्या फुप्फुसांत होणाऱ्या एका दुर्मिळ अर्बुदाच्या मुळाशीं डायसरच्या जनुकांतील दोष असल्याचें २००९ सालीं दिसून आलें. अशा अर्बुदांत पुष्कळदां गज शाबूत असतो, पण दोहोंपैकीं एक पातें बोथट झालेलें असतें. मग दांड्याची एक बाजू नीट कापली जात नाहीं, आणि त्या बाजूच्या तुकड्यांचा पेशींत तुटवडा पडतो. पेशींच्या वाढीस आवर घालणारें लेट्-७ हें कुल त्यांतलेंच.