बोलक्या भिंती : कोळीवाड्याच्या आणि आपल्या



'बोलक्या भिंती' हा शब्द आपल्याला काही नवा नाही. शाळेच्या व्हरांड्यात पाढे, बाराखडी, फळं-फुलं, जलचक्र, आणि जागा उरलीच तर छोटा भीम. मुलं येता-जाता वाचतात, फायदा होतोच. पण भिंत बोलते म्हणजे नेमकं कुणाचं बोलते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. आज त्याबद्दल लिहितेय, आणि उदाहरण घेतेय मुंबईच्या समुद्रकाठचं.

मुंबईत कुलाब्याला ससून डॉक आहे. १८७५ साली बांधलेला हा धक्का आज मासळीचा मोठा बाजार आहे. पहाटे अंधारात बोटी लागतात, लिलाव होतात, शेडमध्ये बायका कोळंबी सोलत बसतात. मुंबईचे मूळ रहिवासी म्हणून आपण पुस्तकात कोळ्यांचं नाव वाचतो. पण त्यांच्याभोवतीचं शहर इतकं वाढलं की किनाऱ्यावर भराव पडले, कोळीवाड्यांना टॉवरनी वेढलं, आणि शहराला कोळी आठवतात ते नारळी पौर्णिमेला किंवा गॅदरिंगच्या कोळीनृत्यात. (आपणही त्यातलेच. दरवर्षी एक तरी कोळीगीत बसवतोच ना!)

२०१७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशन या संस्थेने या धक्क्यावर कलाप्रकल्प केला. जुन्या गोदामांमध्ये देशविदेशातल्या कलाकारांनी चित्रं आणि मांडण्या केल्या. त्यातली एक गोष्ट मला वर्गात सांगायला फार आवडते. तिथल्या कोळी माणसांचे काळे-पांढरे, भलेमोठे फोटो कागदावर छापून इमारतीच्या दर्शनी भिंतीवर चिकटवले होते. पुढारी नाहीत, नट नाहीत. रोज तिथेच राबणारी माणसं.

यात 'कला' काय, असं कुणी विचारेल. फोटो तर आपण मोबाईलवरही काढतो. फरक आहे तो आकाराचा आणि जागेचा. आपल्याकडे एवढा मोठा चेहरा कुणाचा लागतो? निवडणुकीच्या उमेदवाराचा, नाहीतर वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भाऊंचा. तोच मान मासे विकणाऱ्या मावशीला मिळाला, आणि तोही तिच्याच कामाच्या जागी, की तिच्या लेकराच्या मनात काहीतरी हलतं. आपली आई लाजण्यासारखं काही करत नाही, हे त्याला कुणी भाषण न देता कळतं. 'माशाचा वास येतो' म्हणून ज्यांच्या मुलांना वर्गात चिडवलं जातं त्यांच्यासाठी ही लहान गोष्ट नव्हे.

ही पद्धत जेआर या फ्रेंच कलाकाराची. २००८ मध्ये त्याने ब्राझीलमधल्या रिओ शहरातल्या एका डोंगरावरच्या वस्तीत तिथल्या बायकांचे डोळे आणि चेहरे घरांच्या भिंतींवर लावले होते. बदनाम वस्ती, पण खालच्या शहराकडे ती रोखून पाहू लागली. पुढे त्याने ही पद्धत सगळ्यांसाठी खुली केली, ती अशी ससून डॉकपर्यंत आली.

आता दुसरी बाजू. चित्रामुळे जाळ्यात मासळी वाढत नाही. वरळीच्या कोळ्यांचंच बघा. कोस्टल रोडच्या पुलाचे खांब ६० मीटर अंतरावर येणार होते, त्यातून बोटी नेणं धोक्याचं. ते अंतर १२० मीटर करायला सरकार २०२२ च्या डिसेंबरमध्ये तयार झालं. कोळ्यांची मागणी त्याहून जास्त होती. पण जे मिळालं ते आंदोलनातून, बोटी आडव्या घालून, बैठका करून मिळालं, भिंत रंगवून नाही. गळकं छप्पर तसंच ठेवून बाहेरून गुलाबी रंग फासायचा याला मी तरी उपचार म्हणणार नाही. बाहेरचे लोक सेल्फी काढून गेले की राहणाऱ्याच्या हातात काय उरतं, हे विचारायलाच हवं.

म्हणून मला जपानमधल्या ओनागावाचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत या दहा हजार वस्तीच्या मच्छीमार गावातली आठशेहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी माध्यमिक शाळेत आलेल्या मुलांनी समाजशास्त्राच्या तासाला ठरवलं, की गावाच्या २१ वाड्यांमध्ये, जिथवर पाणी चढलं त्याच्या वर, एकेक दगड उभा करायचा. मोठा भूकंप झाला तर या दगडाच्या वर पळा, असा संदेश आणि मुलांनी लिहिलेल्या हायकू त्यावर कोरायच्या. मुलांनी लोकांकडून सुमारे एक कोटी येन जमवले. पहिला दगड २०१३ मध्ये बसला, एकविसावा २०२१ मध्ये. तोवर ती मुलं मोठी होऊन कामाला लागली होती, पण काम सोडलं नाही. इथे कलाकार बाहेरून आलेला नाही. ज्याचं दुःख त्याचाच हात. जखम भरून येते ती अशी, काहीतरी उपयोगाचं करता करता.

तुम्ही म्हणाल, बाई, मुळशीत कुठे आला समुद्र? आपल्याकडे समुद्र नाही, पण पाण्याने बदललेला काठ आहे. मुळेवर धरण बांधायचं ठरलं, टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. ५२ गावांचा प्रश्न होता. धरण झालंच. मुळेचं पाणी खरं तर भीमेतून, कृष्णेतून पूर्वेला बंगालच्या उपसागरात जायचं. ते सह्याद्रीतून उलटं वळवून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं, आणि तिथून ते कुंडलिकेतून रेवदंड्याच्या खाडीला जातं. चौथीच्या मुलांना नकाशावर हे बोटाने दाखवा, डोळे मोठे होतात त्यांचे!

आता आपल्या शाळांच्या भिंती आठवा. जलचक्र आहे, पण बुडालेल्या एका तरी गावाचं नाव आहे का? सेनापती बापटांचं चित्र जयंतीला टेबलावर येतं आणि परत कपाटात जातं. इकडे धरणाकाठी रिसॉर्ट आणि बंगल्यांच्या पाट्या मात्र सगळ्या मोठ्या अक्षरात. मूल रोज काय वाचतं सांगा.

करायला फार खर्च नाही. मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून जुन्या गावाचं, शेताचं, देवळाचं, पाणवठ्याचं नाव विचारून आणायला सांगायचं. ज्यांच्या घरी कुणी नाही त्यांनी शेजारी विचारायचं. रिसॉर्टवर कामाला आलेल्या, परजिल्ह्यातल्या पालकांच्या मुलांनाही वगळायचं नाही. त्यांनी आपलं सुटलेलं गाव आणायचं, तेही याच भिंतीवर. आधी कागदावर चित्र काढायचं, ते घरी दाखवून 'असंच होतं का?' विचारायचं, चुकलं असेल तर आजी सांगतेच. मग गेरू, चुना, निळीने भिंतीवर. पेंटरला बोलवायचं ते फक्त अक्षरं नीट करण्यापुरतं, चित्र मुलांचंच राहू द्यायचं, वाकडं असलं तरी.

शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय आधी मांडून ठेवा. आणि जागा शक्यतो आतली नको, रस्त्याकडची भिंत मागा.