रॉ फाइल
कॅमेऱ्याच्या संवेदकाने नोंदलेली, परंतु अद्याप चित्ररूप न पावलेली माहिती साठविणारी फाइल. बहुतेक संवेदकांत प्रत्येक बिंदूपाशी तांबडा, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग नोंदला जातो; उरलेले दोन संगणक अनुमानाने भरतो. त्यासाठी आज्ञावलीला तो विशिष्ट कॅमेरा परिचित असावा लागतो. म्हणूनच कॅननची २०१८ मध्ये आलेली सीआर३ फाइल २०१२ च्या फोटोशॉप सीएस६ मध्ये उघडत नाही. अशा वेळी ॲडोबीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या डीएनजी या खुल्या स्वरूपात तिचे रूपांतर करतात. जुन्या आवृत्तीशी सुसंगतीही निवडता येते. अडचण एवढीच, की नवा रूपांतरक जुन्या संगणकावर चालेलच असे नाही. मग रूपांतर अन्यत्र करून आणावे लागते. मूळ फाइल मात्र जपावी, कारण निर्मात्याच्या काही खाजगी नोंदी रूपांतरात निरुपयोगी होऊ शकतात.