नंतर सांगते

रात्री जेवायला बसलो की हे कारखान्यातली एखादी गंमत सांगायचे, मुलगा त्यावर काहीतरी जोडायचा आणि सगळे हसायचे. आक्का ताटावरून मान वर करायची, एकेकाच्या तोंडाकडे बघायची आणि शेवटी माझ्या दंडाला बोट लावून भुवया उंचवायची. म्हणजे, काय झालं? मी हातानेच थोपवायचे. नंतर सांगते. मग जेवणं आटपायची, भांडी घासून व्हायची, ओटा पुसून व्हायचा, आणि तोवर त्या गमतीत सांगण्याजोगं काही उरलेलं नसायचं.

आक्का माझी थोरली नणंद. अडीच वर्षांची असताना तिला ताप आला आणि तापाबरोबर ऐकू येणं गेलं. सासरे नगर जिल्ह्यात पाळक होते. वडाळा मिशन, राहुरी, शेवगाव अशा त्यांच्या बदल्या झाल्या आणि प्रत्येक गावच्या देवळात आक्का पुढच्या बाकावर बसली. (आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात.) शेजारणीच्या पुस्तकातलं पान बघून ती स्वतःच्या ‘उपासना संगीता’तलं तेच पान काढायची आणि सगळ्यांबरोबर उभी राहायची. लोक कौतुकाने म्हणत, पोरीला सगळं कळतं. मीही लग्न होऊन आले तेव्हा तसंच समजत होते.

घरात आमच्या खुणा होत्या. हनुवटीवर बोट म्हणजे मी, कारण माझ्या हनुवटीवर व्रण आहे. मूठ आपटली की हे, मनगट फिरवलं की चहा. आम्ही राहतो त्या फरीदाबादसाठी तिने स्वतःच धुराड्याची खूण केली होती. सासूबाई गेल्यावर 2016 मध्ये ती कायमची आमच्याकडे आली, तेव्हा गाडीतून उतरताना तिला पहिल्यांदा धुराडी दिसली होती. या घरगुती खुणांवर आमचं बरं चाललं होतं. पण शंभर-दीडशे खुणांत भूक, औषध, पाहुणे एवढंच मावतं. शंका मावत नाही, उद्याची काळजी मावत नाही.

2020 मध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि आक्काचं होतं तेवढंही गेलं. ओठांवरून ती थोडंफार ओळखायची, ते ओठच झाकले गेले. त्याच वर्षाच्या शेवटी तिच्या गळ्याशी गाठ दिसली. डॉक्टर माझ्याशी बोलत होते, आक्का आमच्या दोघांच्या मास्ककडे बघत होती. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचा होता. आम्ही घरच्यांनी ठरवलं, तिला उगीच घाबरवायला नको. मी गळ्याला हात लावून, औषध, बरं होईल, एवढंच दाखवलं. तिने संमतीच्या कागदावर सही केली. गाठ साधी निघाली, पण पुढे पुतणीने तो कागद वाचून तिला लिहून समजावलं. आक्काने दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने माझ्या डायरीत एकच ओळ लिहिली: माझा गळा, मला का सांगत नाही.

मी तिची दुभाषी व्हायचं ठरवलं ते त्या ओळीमुळे.

आमच्या घरापासून जवळचं मेट्रो स्टेशन नीलम चौक अजरौंदा. तिथून बदरपूर बॉर्डर, तुघलकाबाद, सरिता विहार करत ओखल्याला पोचायला पाऊण तास लागायचा. ओखल्याला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. केंद्र सरकारने ते 28 सप्टेंबर 2015 रोजी स्थापन केलं. दुभाष्यांसाठी तिथे दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे, बारावी झालेल्यांना प्रवेश मिळतो. मी आधी घरी बसून प्राथमिक ऑनलाइन वर्ग केला आणि मग तिथे गेले. वर्गात माझ्याएवढ्या वयाचं कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी शिक्षक आले ते स्वतः कर्णबधिर. पूर्ण तास एकही शब्द उच्चारला गेला नाही. वहीत लिहायला खाली बघितलं की वाक्य निसटायचं. ऐकत ऐकत दुसरं काम करायची आपल्याला सवय असते, इथे डोळे काढले की बोलणं संपलं. त्या तासाला मला पहिल्यांदा अंदाज आला की जेवणाच्या टेबलावर आक्का किती दमत असेल.

अनेकांना वाटतं, तसं मलाही वाटायचं की सांकेतिक भाषा म्हणजे हिंदी किंवा इंग्रजीचे शब्द हातांनी दाखवायचे. तसं नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे. काळ आधी येतो, नकार आणि प्रश्नाचा शब्द शेवटी. ‘उद्या आम्ही मेरठला जाणार नाही’ हे हातांवर ‘उद्या, आम्ही, मेरठ, जाणं, नाही’ असं उतरतं. ‘तू कुठे राहतेस?’ हे ‘तू, राहणं, कुठे’ असं होतं. भुवया, गाल, मान, खांदे यांच्याकडे व्याकरणाचं काम असतं. हात तेच ठेवून भुवया बदलल्या की विधानाचा प्रश्न होतो. मी सुरुवातीला चेहरा कोरा ठेवायचे, तेव्हा शिक्षक दाखवायचे की तू पुटपुटते आहेस.

आणि हवेतली जागा. गोष्टीत दोन माणसं असली की एकाला डावीकडे बसवायचं, दुसऱ्याला उजवीकडे. मग नावं पुन्हा घ्यावी लागत नाहीत, नुसतं त्या बाजूला वळलं की कळतं कोण बोलतंय. हे शिकवलं तेव्हा वर्गातली दिल्लीची मुलं अडखळली. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण हे तर कीर्तन! रेव्हरंड ना. वा. टिळकांच्याही आधीपासून आमच्या नगरकडे ख्रिस्ती कीर्तनं होत आली आहेत. कीर्तनकार डावीकडे वळून बाप होतो, उजवीकडे वळून उधळ्या पुत्र होतो, आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही कळतं की आता कोण रडतंय. लहानपणी पाहिलेल्या कीर्तनांनी मला या भाषेत जेवढं तारलं, तेवढं पाठांतराने तारलं नाही.

ही भाषा कोणा सरकारी समितीने बनवलेली नाही. जिथे कर्णबधिर माणसं एकत्र आली, शाळेच्या वसतिगृहात, क्लबात, तिथे ती वाढली. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड आणि कर्क विल्सन यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई आणि बंगळूर इथल्या खुणा गोळा करून ताडून पाहिल्या, तेव्हा चार शहरांतल्या शेकडा 75 च्या आसपास खुणा एकमेकींशी नातं सांगणाऱ्या निघाल्या. मदन वसिष्ठ स्वतः कर्णबधिर. हिमाचलातल्या खेड्यातून ते दिल्लीला आले आणि पुढे अमेरिकेतल्या गॅलॉडेट महाविद्यालयात शिकले. म्हणजे मुंबईची आणि दिल्लीची कर्णबधिर माणसं एकमेकांशी बोलू शकत होती, तेव्हा त्यांच्या घरची माणसं त्यांच्याशी बोलू शकत नव्हती.

शाळांनी मात्र या भाषेला फार काळ दाराबाहेर ठेवलं. 1880 मध्ये इटलीतल्या मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली आणि तिने खुणा बंद करून ओठ वाचायला आणि बोलायलाच शिकवायचं ठरवलं. त्या परिषदेत मत देणाऱ्यांत कर्णबधिर जवळजवळ नव्हतेच. भारतातली कर्णबधिरांची पहिली शाळा त्याच दशकात मुंबईत निघाली, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने. चर्चने हे काम इतक्या आधी हाती घेतलं याचा मला अभिमान आहे. पण बोलायला लावण्याच्या त्या हट्टाची झळ पुढच्या कित्येक पिढ्यांना लागली, हेही खरं. आक्का ज्या शाळेत गेली तिथे हात हलवले की हातावर पट्टी बसायची. सात वर्षांत ती आपलं नाव आणि पंचवीसेक शब्द उच्चारायला शिकली, तेही परक्याला कळत नसत. मिलानच्या ठरावांबद्दल कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या जागतिक परिषदेने खेद व्यक्त केला तो 2010 मध्ये, व्हँकूव्हरला. तेव्हा आक्का पंचेचाळिशीत होती.

ओखल्यात मी शिकायचे आणि संध्याकाळी घरी आक्काला शिकवायचे, असं मला वाटत होतं. तीन महिन्यांत कळलं की हे उलटं आहे. मी तिला माझ्या वर्गातल्या कर्णबधिर शिक्षकांकडे आणि त्यांच्या मित्रमंडळींकडे घेऊन गेले. पहिले दोन-तीन रविवार ती भिंतीला टेकून बघत राहिली. मग एका बाईने तिला विचारलं, गाव कोणतं? आक्काने हवेत किल्ला काढला, नगरचा भुईकोट. त्या दिवशी परतीच्या मेट्रोत तिचे हात थांबत नव्हते. माझ्याहून दुप्पट वेगाने ती शिकली. माझ्या चुका आता तीच दुरुस्त करते.

आमच्या मेट्रोच्या मार्गावर, ओखल्याच्या उलट दिशेला, संत सूरदास नावाचं स्टेशन लागतं. सूरदासांचा जन्म इथल्याच सीही गावचा मानतात. आंधळ्या कवीची पदं देशाने डोक्यावर घेतली, कारण ती कानांनी घेता आली. हातांवर रचलेली कविता मी ओखल्याच्या वर्गात पाहिली आहे, पाऊस पडण्यापूर्वीच्या झाडाची. ती डोळ्यांनीच घ्यावी लागते, आणि ती घ्यायला आपण शिकलेलो नाही.

आमची मंडळी, म्हणजे आमच्या चर्चची माणसं, वर्षातून दोन-तीनदा प्रवासाला निघते. नोव्हेंबरात बस करून मेरठजवळच्या सरधन्याला जातो. तिथलं भव्य चर्च बेगम समरूने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून घेतलं. आम्ही प्रोटेस्टंट, पण सरधन्याच्या यात्रेला सगळेच जातात. उन्हाळ्यात निझामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसने नगर. वाटेतल्या आणि आजूबाजूच्या मंडळ्यांमध्ये हे पेटी वाजवतात, मुलगा तबल्यावर बसतो. पूर्वी या फेऱ्यांत मी डबे आणि आक्का सांभाळायचे. आता मी पुढे उभी राहते.

पहिल्यांदा उभी राहिले ती एका मंडळीच्या वार्षिक सभेत. सलग दोन तास एकटीच होते. अर्ध्या तासानंतर खांदे भरून आले, तासाभराने डोकं चालेना, आणि पाळकसाहेबांचं बोलणं मी तुकड्यातुकड्यांनी सांगू लागले. प्रार्थनेबद्दल बोलतायत, क्षमेबद्दल बोलतायत. समोर बसलेल्या एका कर्णबधिर तरुणाने हात वर करून मला थांबवलं आणि दाखवलं: बद्दल नको, काय म्हणतात ते सांग. भर सभेत माझे डोळे भरून आले. पुन्हा तेच, नंतर सांगतेचाच दुसरा प्रकार. दुभाष्यांनी जोडीने काम करावं आणि वीस-तीस मिनिटांनी पाळी बदलावी हा नियम का आहे, ते मला त्या दिवशी अंगावर कळलं. आता मी जोडीदारीण असल्याशिवाय मोठी सभा घेत नाही. साडीही गडद, एकरंगी, बिनकाठाची, म्हणजे हात उठून दिसतात.

दुसरा नियम मला फार जड गेला. घरच्या माणसाने घरच्याची दुभाषी होऊ नये, निदान दवाखान्यात आणि कोर्टात. गाठीच्या वेळी मी जे केलं ते प्रेमाने केलं, म्हणूनच ते इतकं सहज झालं. आता आक्काला डॉक्टरांकडे जायचं असलं की माझी वर्गमैत्रीण सोबत जाते आणि मी बाहेर बाकावर बसते. आत काय बोलणं झालं ते आक्काला वाटलं तरच ती मला सांगते.

मार्काच्या शुभवर्तमानातल्या सातव्या अध्यायात येशू एका बहिऱ्या माणसाला बरं करतो. या उताऱ्यावरचं प्रवचन मेरठमध्ये सांगताना माझ्या लक्षात आलं की आधी येशू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. मग त्याच्या कानांत बोटं घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे बघतो. शब्द नंतर येतो. त्या माणसाला दिसेल, कळेल असंच आधी सगळं केलं जातं. उपासनेनंतर मी आक्काला विचारलं, ही गोष्ट तुला दुखावते का? तिने थोडा विचार करून दाखवलं: मला कान नकोत, भजनाचं पान कुठलं ते वेळेवर सांगा.

2011 च्या जनगणनेत ऐकण्याची अडचण असलेल्यांची संख्या 50 लाखांवर होती. त्या मानाने प्रशिक्षित दुभाषी फारच थोडे. तरी काही दारं उघडली आहेत. 2016 च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचं माध्यम म्हणून जागा दिली. सप्टेंबर 2023 मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी सर्वोच्च न्यायालयापुढे दुभाष्यामार्फत उभ्या राहिल्या. 2 मे 2024 रोजी केरळात त्रिचूरला जोसेफ थेरमाडम यांना दीक्षा मिळाली, ते भारतातले पहिले कर्णबधिर कॅथलिक धर्मगुरू. ती बातमी मी आक्काला दाखवली. तिने फोटो मोठा करून त्यांचे हात बघितले, चेहरा नंतर.

आमच्या जेवणाच्या टेबलावर आता नियम आहे. जो बोलेल त्याने चमचा खाली ठेवायचा. ह्यांचे हात अजून जड आहेत, पण ते गंमत स्वतः सांगतात, मला मध्ये घेत नाहीत.

ओखल्याच्या केंद्राने केलेल्या शब्दकोशात 2021 पर्यंत 10,000 शब्द झाले होते. त्याच्या चित्रफिती फोनवर फुकट बघता येतात. तुमच्या घरात, आळीत, मंडळीत कोणी कर्णबधिर असेल तर आज रात्री त्यातले पाच शब्द शिका, आणि पहिला शब्द कोणता शिकू, ते त्यांनाच विचारा.